दोष सगळा कापडाचा

कापडाला तोंड असतं ना, तर त्याने अर्ध्या गावाला कोर्टात खेचलं असतं. पोट सुटतं माणसाचं आणि नाव वाईट होतं कापडाचं. म्हणे आटलं! वर्षभर कपाटात घडी घालून ठेवलेला कोट पाण्याचा थेंबही न बघता आटतो, आणि आटतो तोही नेमका बटणांच्या जागी. टेपताईच्या दुकानात ही कैफियत रोज कुणी ना कुणी मांडायचं, आणि टेपताई रोज तितक्याच गंभीरपणे मान डोलवायची.

"खरंय बाई तुमचं. हल्लीच्या कापडाचा काही भरवसाच राहिला नाही."

टेपताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. सकाळी तोंड धुतल्याबरोबर मापाचा टेप गळ्यात पडायचा तो झोपतानाच उतरायचा, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली मशीन, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात पडदा ओढून केलेली कपडे बदलायची जागा आणि तिच्यासमोर उभा आरसा. त्या आरशापुढे उभं राहून माणसं स्वतःची जी काय समजूत घालतात, ती टेपताईने ऐकली तितकी कुणी ऐकली नसेल.

शाळेच्या मोठ्या बाई अधूनमधून स्कर्ट कमरेत सैल करायला आणायच्या आणि धोब्याचा उद्धार करायच्या. एक गृहस्थ घरी बायकोशी वाजलं की हमखास इकडे येऊन कॉलरवरून भांडायचे. कॉलर बिचारी सरळच असायची. एका बाईंचा मुलगा घर सोडून गेला होता, बोलणंचालणं बंद. त्या येऊन सांगायच्या, "मला तर उलट बरंच वाटतं हो, घर कसं शांत शांत!" आणि हे सांगता सांगता त्याच्याच मापाचा शर्ट शिवायला टाकायच्या. टेपताई कुणालाच काही बोलायची नाही. माप खरं घ्यायचं आणि बोलणं गिऱ्हाइकाचं खरं मानायचं, हा तिचा धंद्याचा नियम. मोठ्या बाईंच्या स्कर्टला ती न सांगता आतून भरपूर कापड सोडायची, म्हणजे धोब्याने पुन्हा आगळीक केली तरी निभावून जाईल.

लोकांची नस अशी अचूक ओळखणारी ही बाई स्वतःच्या बाबतीत किती आंधळी असावी? ऐका.

झालं असं, की टेपताईचे स्वतःचे कपडे सैल पडू लागले. आधी घरात वापरायचा निळा ड्रेस खांद्यावरून घसरायला लागला. "धुवून धुवून पार सैल पडलाय मेला," असं म्हणून तिने दोन्ही बाजूंनी आत टीप मारली आणि मोकळी झाली. मग बाहेर जायच्या ड्रेसचं तेच झालं. त्याचं कापड दुसऱ्या दुकानातलं होतं. "सगळे एकजात चोर," ती म्हणाली आणि तोही आत घेतला. थोड्या दिवसांनी निळ्या ड्रेसवर दुसरी टीप पडली, मग तिसरी. लोकांचं कापड आटत होतं आणि हिचं सैल पडत होतं, एवढाच काय तो फरक. खापर फुटत होतं ते त्याच गरिबाच्या डोक्यावर.

मग पाळी आली टेपची. कापडी टेप जुना झाला की ताणला जातो, आणि ताणलेल्या टेपने माप कमी भरतं. म्हणून टेपताई दर आठवड्याला आपला टेप लोखंडी पट्टीला लावून पाहायची. त्या दिवशी तिने तो सहज स्वतःच्या कमरेला लावला, आकडा बघितला आणि टेप सरळ कचऱ्यात टाकला. पट्टीला लावून नाही पाहिला, बरं का! नवा आणला. नव्यानेही तेच सांगितलं, तेव्हा ती तरातरा दुकानात गेली आणि "ताणलेले टेप विकता का हो?" म्हणून त्या माणसाशी असं भांडली, की त्याने घाबरून दुसरा काढून दिला. तो टेप तिने स्वतःला लावलाच नाही. गिऱ्हाइकांना लावला, त्यांची मापं बरोबर भरली, विषय संपला.

संपला कसला! छातीत धडधडायला लागलं, तर तो मशीनच्या मोटरचा हादरा. मशीन बंद असताना धडधडायचं ती गोष्ट वेगळी. घाम फुटायचा, कारण खोली कोंदट. सुईत दोरा ओवताना हात थरथरायचा, कारण दोऱ्याला पीळच नाही. भूक मात्र अशी लागायची, की दोन माणसांचं जेवण ती एकटी फस्त करायची, आणि तेवढ्या एका गोष्टीचा तिला फार मोठा आधार होता. "आजारी माणूस असं जेवतं का कधी?" ती स्वतःलाच विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, जर मागे अक्काचं तसं झालं नसतं.

अक्का म्हणजे टेपताईची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच हिला वाढवलं, अक्कानेच हिला मशीनवर बसवलं. शेवटचं वर्षभर अक्का इथे आतल्या खोलीत राहायला होती, आणि तेव्हा अक्काचे कपडे असेच सैल पडू लागले होते. अक्का आरशापुढे उभी राहायची, कमरेपाशी कापड चिमटीत धरायची आणि विचारायची, "मी वाळले का गं?" ते टेपताईला ऐकवत नसे. म्हणून तिने एक उद्योग आरंभला. अक्काचे कपडे धुवायला पडले, की वाळल्यावर गुपचूप आत घ्यायचे, इस्त्री करायची आणि जागच्या जागी ठेवून द्यायचे. पुढच्या वेळी ड्रेस अंगाला अगदी बरोबर बसायचा. "कुठे वाळलीस? उगाच आपलं काहीतरी," असं टेपताई म्हणायची, आणि म्हणता म्हणता तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसायचा. पुढे अक्काने अंथरूणच धरलं, तेव्हा कळलं की पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी हात टेकले होते. अक्का गेली.

तेव्हापासून टेपताईच्या मनाला एकच गोष्ट कुरतडत होती. मी ते कपडे आत घेतले नसते, तर अक्काला वेळेवर कळलं असतं. मीच तिला फसवलं. हे ती कुणालाच बोलली नाही, नवऱ्यालाही नाही. घरात अक्काचं नाव निघालं, की ती मशीन सुरू करायची. आणि आता तोच प्रकार स्वतःच्या अंगावर आलेला. मग बाई डॉक्टरकडे जाईलच कशी? गेलं, तर जे ऐकायचं नाही तेच ऐकावं लागणार. नाही गेलं, तर दोष कापडाचाच राहतो. माणसाचं मन काही मूर्ख नसतं हो. जे झेपणार नाही ते दाराबाहेर उभं करून ठेवतं. फक्त दार धरून किती दिवस उभं राहायचं, एवढंच त्याला कळत नाही.

आता नवऱ्याचं सांगायला हवं. तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर. पोट असं, की स्टिअरिंगला टेकायचं. आणि बोलायला लागला की थट्टेशिवाय दुसरी भाषा नाही. घरात काही दुःखाचं घडलं, की हा गृहस्थ हटकून विनोद करणार आणि शिव्या खाणार. बायको वाळत चाललीय हे त्याला केव्हाच दिसलं होतं. "अगं, तुझी सावली तुझ्यापेक्षा जाड दिसते," असं एकदा म्हणून पाहिलं, तर दोन दिवस अबोला. मग एकदा सरळच म्हणाला, "डॉक्टरला दाखवून येऊ या का?" तर तिने घर डोक्यावर घेतलं.

आणि मग एका सकाळी चहा घेताना टेपताई त्याच्याकडे टक लावून बघत म्हणाली, "अहो, तुम्ही किती वाळलात!"

ड्रायव्हरला ठसकाच लागला. "मी?"

"गाल बघा कसे बसलेत. जेवणाकडे लक्ष नाही तुमचं. हे बरं लक्षण नाही, सांगून ठेवते."

त्या दिवसापासून तिने धोशाच लावला. येता जाता त्याचं मनगट धरून बघायची. एकदा तर त्याला टेबलापाशी उभं करून पोटावर टेप असा आवळला, की बिचाऱ्याचे डोळे बाहेर आले. "बघा, कमी भरलं की नाही?" आपल्या अंगावरची भीती तिने अशी अलगद उचलून त्याच्या अंगावर घातली होती. त्यामुळे ती समोरून नीट बघता येत होती आणि काळजीही मनसोक्त करता येत होती. ड्रायव्हर हसून हसून बेजार झाला.

पण एके दिवशी तो दुपारी घरी आला, तर टेपताई जिन्याच्या मधोमध कठडा धरून उभी. धाप लागलेली, तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि अंगावरचा ड्रेस खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. "जिना उंच बांधलाय मेल्यांनी," ती कशीबशी म्हणाली. ड्रायव्हरचं हसू तिथेच आटलं. पहिल्यांदाच त्याची पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पँट मुठीत धरून तिच्यासमोर उभा राहिला. "अगं, तू म्हणतेस ते खरं दिसतंय. ही बघ, कमरेत राहतच नाही."

टेपताईचा चेहरा पांढराफटक पडला. "मी ओरडून सांगत नव्हते? आजच्या आज डॉक्टर!"

"मी एकटा नाही जाणार बुवा. मला भीती वाटते."

"एवढा बाप्या माणूस आणि भितो कसला? चला, मी येते."

सकाळी मुलांना शाळेत सोडलं, की शाळा सुटेपर्यंत बस रिकामी असायची. त्याच बसमधून दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. टेपताईने नवऱ्याला एक अक्षर बोलू दिलं नाही. त्याचं वाळणं, त्याची भूक, त्याचे बसलेले गाल, सगळं तिनेच सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्याला वजनाच्या काट्यावर उभं केलं.

"वजन चांगलं भरपूर आहे की हो. खरं तर कमी करायला हवं."

"शक्यच नाही," टेपताई म्हणाली. "काटा बिघडलाय तुमचा."

"आत्ताच तपासून घेतलाय, ताई."

"अहो, बिघडलाय! मापाचं मला सांगू नका, जन्म गेला माझा मापात. थांबा, दाखवतेच. माझं वजन मला पाठ आहे." आणि चपला काढून ती तावातावाने काट्यावर चढली. वाकून आकडा बघितला आणि विजयी मुद्रेने दोघांकडे वळली. "बघा! बघा किती कमी दाखवतोय! याला काय काटा म्हणायचं?"

ड्रायव्हर समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचत होता. टेपताईने पुन्हा खाली बघितलं. आकडा होता तिथेच होता.

"ताई, खाली या," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "आता या खुर्चीत तुम्ही बसा."

त्यांनी नाडी पाहिली. हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, तर तो पानासारखा थरथरला. पाण्याचा घोट गिळायला सांगून गळ्यावर बोटं ठेवली. मग एकेक प्रश्न. धडधड होते? "मोटरमुळे." घाम येतो? "खोली कोंदट आहे." झोप लागते? "शेजाऱ्यांचा पंखा वाजतो." बाई हं हं म्हणत लिहीत होत्या, अगदी टेपताई गिऱ्हाइकांपुढे मान डोलवायची तशाच. ते टेपताईच्या लक्षात आलं आणि तिची सगळी कारणं एकदम संपली.

"मला तेच झालंय ना," ती म्हणाली, "जे माझ्या बहिणीला झालं होतं?" आणि तिने अक्काच्या आजाराचं सांगितलं. कपड्यांचं नाही सांगितलं.

"मला तसं वाटत नाही. पण रक्त तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

रक्त दिलं. बाहेर पडताना ड्रायव्हर पुढे चालत होता, तेव्हा टेपताईची नजर त्याच्या पाठमोऱ्या पँटवर गेली. मागची शिवण कमरेपासून उसवलेली, दोरे लोंबताहेत.

"ही शिवण कुणी उसवली?"

"मी," ड्रायव्हर म्हणाला. "सकाळी. तुझ्याच पात्याने. हे बघ, बोटसुद्धा कापलं."

रस्त्यापलीकडून जाणाऱ्याच्या बाहीचा सुटलेला टाका दिसणारी बाई ती. "मला दिसलं कसं नाही?"

"तुला माझं वाळणं दिसत होतं," तो म्हणाला. "मग उसवलेलं कुठून दिसणार?"

तिला राग यायला हवा होता. पण आला नाही.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. टेपताईने त्या दिवसांत एकही कपडा आत घेतला नाही. सैल ड्रेस घालून मशीनवर बसायची आणि गिऱ्हाइकाने विचारलं, "बारीक झालात का हो?" तर "हो, झालेय," म्हणायची. ते दोन शब्द उच्चारताना तिच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. पण ती म्हणायची.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावून सांगितलं. गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते, तुमची वाजवीपेक्षा जास्त काम करतेय. त्यामुळे कितीही खाल्लं तरी वजन उतरतं, हात थरथरतात, छाती धडधडते, चिडचिड होते. गोळ्या घ्यायच्या, मधूनमधून रक्त तपासायचं, बरं वाटेल.

"म्हणजे गाठ?"

"नाही."

"पोटात काही?"

"पोट ठणठणीत आहे तुमचं. बहिणीला झालं होतं ते हे नव्हे."

"चिडचिडसुद्धा त्यामुळेच का हो?" ड्रायव्हर म्हणाला. "मग हा आजार लग्नापासूनचा दिसतोय." डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. टेपताईचा जीव भांड्यात पडला.

पण बसमध्ये येऊन बसली आणि तिचा बांध फुटला. ड्रायव्हरने किल्ली फिरवली होती, ती त्याने परत बंद केली.

"अगं, आता का रडतेस? सुटलीस की!"

"मी सुटले. अक्का का नाही सुटली?" आणि मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर पडलं. गुपचूप आत घेतलेले ड्रेस, ती इस्त्री, ते 'कुठे वाळलीस'. "मी तिला कळूच दिलं नाही हो. माझ्यामुळे उशीर झाला. मी मारलं तिला."

ड्रायव्हरने या वेळी थट्टा केली नाही. समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "अक्कांना सगळं माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आजार. तू पहिला ड्रेस आत घेतलास, त्याच्याही आधीपासून. मीच न्यायचो त्यांना हॉस्पिटलात, या बसमधून, शाळा सुटायच्या आत परत. तुला वाटायचं अक्का हवा खायला जाते. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आता काही करण्यासारखं उरलं नाही, फक्त दुखणं कमी करत राहायचं. अक्का मला म्हणाल्या, धाकटीला सांगाल तर याद राखा."

टेपताई त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि कपडे?"

"तेही माहीत होतं. एकदा मी बघितलं, त्या इस्त्री केलेला ड्रेस धुण्याच्या बादलीत टाकत होत्या. म्हटलं, अक्का, हा तर धुतलेला आहे. तर म्हणाल्या, टाकू द्या हो, तो सैल झालाय. धुवायला पडला नाही, तर तिच्या हाताला लागणार कसा?"

"मग मला विचारायची कशाला, वाळले का म्हणून?"

"तुझ्या तोंडून 'नाही' ऐकायला. म्हणायच्या, डॉक्टर काय वाटेल ते सांगोत, हिचं 'नाही' ऐकलं की माझा दिवस बरा जातो."

टेपताई धाय मोकलून रडली. अक्का गेली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती; तेव्हा ती मशीन चालवत होती. "आणि तुम्ही इतकी वर्षं तोंड शिवून बसलात?" ती हुंदके देत म्हणाली.

"तू विषय काढू द्यायची नाहीस. मला वाटायचं, तुला आठवण सोसत नाही. तू स्वतःला असं काही लावून घेतलं असशील, हे मला स्वप्नातही आलं नाही गं."

तिने डोळे पुसले, नाक पुसलं. छाती अजून धडधडत होती, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटत होतं. "लबाड होती अक्का," ती म्हणाली. "पक्की लबाड. कुठे बसायची हो बसमध्ये?"

"सगळ्यात मागे. पुढे बसलं की तुम्ही हसवता, आणि हसलं की पोट दुखतं, म्हणायच्या."

टेपताई उठली आणि त्याच्या अगदी मागच्या बाकावर येऊन बसली. "मग मला हसवा," ती म्हणाली. "माझं पोट ठणठणीत आहे."

पण आयुष्यभर थट्टा करत आलेल्या त्या माणसाला तेव्हा एकसुद्धा विनोद आठवेना. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागला, आणि ती हसत हसत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.